शासन कोणते आणि किती?

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



‘शासन’ हा शब्द मराठी जैन माणसाच्या बोलण्यात दोन ठिकाणी नांदतो. मंत्रालयातून निघतो तो ‘शासन निर्णय’ आणि मंदिरात जयजयकार होतो तो ‘जिनशासना’चा. दोहोंचा धातू एकच. शिकवणे आणि नियमन करणे, हे दोन्ही अर्थ त्यात सामावलेले आहेत. मात्र एका शासनाचे साधन उपदेश आणि व्रत हे आहे, तर दुसऱ्याचे कायदा आणि दंड. या दोन साधनांची सरमिसळ झाली की समाजाची भूमिका डळमळू लागते. पर्युषण जवळ आले की कत्तलखाने बंद ठेवावेत म्हणून नगरपालिकेला निवेदन दिले जाते आणि पुढच्याच महिन्यात धर्मादाय कार्यालयाचे पत्र आले की ‘धर्मात सरकारचा हस्तक्षेप कशाला?’ असा सूर निघतो. पुष्कळदा दोन्ही पत्रांवर सह्या त्याच असतात. सरकारने किती करावे या प्रश्नाचे उत्तर प्रसंग पाहून बदलत असेल, तर त्याला विचार म्हणणे कठीण आहे. म्हणून या विषयावर पूर्वसूरींनी काय म्हटले, इतिहासात काय घडले आणि एका न्यायालयीन निकालाने विश्वस्त संस्थांच्या वाट्याला काय आले, याचा थोडा विस्ताराने परामर्श घेणे उचित ठरेल.

प्रारंभ आदिपुराणापासून करावा लागतो. नवव्या शतकातील आचार्य जिनसेन हे राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे गुरू. मान्यखेटचे वैभवशाली राज्य त्यांनी जवळून पाहिले होते; त्यामुळे राज्यसंस्थेविषयीचे त्यांचे विवेचन निव्वळ पौराणिक म्हणून बाजूस सारता येत नाही. भोगभूमीच्या अखेरीस कल्पवृक्ष विरळ होऊ लागले, माणसांत ‘हे माझे, ते तुझे’ असा कलह सुरू झाला, तेव्हा पाचवे कुलकर सीमंकर यांनी वृक्षांच्या सीमा ठरवून दिल्या. पहिल्या पाच कुलकरांच्या काळी अपराध्याला ‘हा’ एवढा खेदाचा उद्गार पुरे होई. पुढच्या पाचांच्या काळी त्याला ‘मा’ची, म्हणजे ‘पुन्हा असे करू नकोस’ या निषेधाची जोड द्यावी लागली. त्यानंतर ‘धिक्’ आला. वध-बंधनादी शारीरिक दंड मात्र भरत चक्रवर्तीच्या काळातला. या क्रमात एक मार्मिक विचार दडलेला आहे. माणसाची आतली लाज जसजशी कमी झाली, तसतसे बाहेरचे नियंत्रण वाढत गेले. राज्य हे या दृष्टीने पापही नाही आणि पूजनीयही नाही. माणसाच्या आत जी उणीव निर्माण झाली, ती भरून काढण्यासाठी आलेली ती व्यवस्था आहे.

याच पुराणात भगवान ऋषभदेवांनी राजा या नात्याने केलेले कार्यही सविस्तर वर्णिले आहे. असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही उपजीविकेची सहा साधने त्यांनी प्रजेला शिकवली. आदर्श राजाच्या चित्रात पोट भरण्याची विद्या शिकवण्याला इतके मोठे स्थान दिले आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. दंड नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो, हे जिनसेन सांगतातच. परंतु लगेच करासंबंधी दुभत्या गाईचा दृष्टान्तही देतात. गाईला पीडा न देता दूध काढावे, तसे प्रजेकडून धन घ्यावे. बलवानापासून दुर्बलाचे रक्षण, उपजीविकेचे शिक्षण आणि पीडा न देणारा कर, एवढ्या तीन गोष्टी आजच्या एखाद्या अर्थसंकल्पाला लावून पाहिल्या, तरी परीक्षा बऱ्यापैकी कठीण जाईल.

जिनसेनांनंतर सुमारे शंभर वर्षांनी सोमदेवसूरी झाले. वेमुलवाड्याच्या चालुक्यांच्या आश्रयाने शके ८८१, म्हणजे इ. स. ९५९ मध्ये त्यांनी ‘यशस्तिलकचंपू’ पूर्ण केला. राजनीतीवरचा त्यांचा ग्रंथ ‘नीतिवाक्यामृत’. यात बत्तीस समुद्देश असून मंगलाचरणानंतर पहिल्याच सूत्रात राज्याला नमस्कार केलेला आहे. सर्वसंगपरित्याग केलेला मुनी राज्याला वंदन करतो, याचे अनेकांना नवल वाटते. परंतु सूत्र नीट पाहिले तर उलगडा होतो. पुरुषार्थांचे फळ देणारे म्हणून राज्याला नमस्कार केला आहे आणि त्या पुरुषार्थांत मोक्षाचा समावेश नाही. सुरक्षितता नसेल तर व्यापार चालत नाही, शेती पिकत नाही, मुनींचा विहारसुद्धा निर्वेध होत नाही. हे सारे राज्य देते. आत्म्याची शुद्धी मात्र राज्याच्या अखत्यारीत येत नाही. एका शब्दाच्या अनुपस्थितीत सोमदेवांनी राज्याची मर्यादा सांगून ठेवली आहे.

याच सोमदेवांचे नाव महाराष्ट्रात परभणी येथे सापडलेल्या शके ८८८ च्या ताम्रपटात आहे. चालुक्य राजा अरिकेसरी याने जिनालयाच्या जीर्णोद्धारासाठी व पूजेसाठी त्यांना गाव दिल्याची नोंद त्यात आहे. धर्मसंस्थेची मालमत्ता, ती कोणत्या हेतूसाठी आहे याचा लेख आणि त्या लेखामागे उभी असलेली राजसत्ता, या तिन्ही गोष्टी हजार वर्षांपूर्वीही एकत्र होत्या. हा धागा पुढे पुन्हा हाती घ्यायचा आहे.

ग्रंथातला विचार राज्यकारभारात उतरतो तेव्हा काय होते, हे पाहण्यासाठी बाराव्या शतकातील गुजरातकडे वळावे लागते. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांच्या उपदेशाने प्रभावित झालेल्या राजा कुमारपाळाचा उल्लेख जैन समाजात नेहमीच अभिमानाने होतो आणि तो योग्यही आहे. त्याच्या दोन आज्ञा विशेष प्रसिद्ध आहेत. निपुत्रिक माणूस मेला की त्याची मालमत्ता राजकोशात जमा करण्याची रूढी होती. पतीचे निधन झालेल्या घरात राजाचे अधिकारी शिरत आणि रडणाऱ्या विधवेसमोर घर मोजून नेत. त्या उत्पन्नावर कुमारपाळाने पाणी सोडले. दुसरी आज्ञा ‘अमारि’ची, म्हणजे राज्यभर जीवहिंसेला मनाई करणारी.

या दुसऱ्या आज्ञेविषयी मेरुतुंगाचार्यांच्या ‘प्रबंधचिंतामणी’त एक कथा आहे. सपादलक्ष प्रदेशातील एका धनिकाने आपल्या डोक्यातली ऊ चिरडली. ते अमारीच्या अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडले. त्याला पाटणला नेण्यात आले, त्याचे सर्वस्व जप्त झाले आणि त्या द्रव्यातून ‘यूकाविहार’, म्हणजे उवेच्या नावाचे मंदिर बांधण्यात आले. राजाच्या धर्मनिष्ठेचा नमुना म्हणूनच ही कथा सांगितलेली आहे. ती अक्षरशः घडली की नाही हा प्रश्न वेगळा. परंतु आजचा श्रावक ती वाचताना क्षणभर थबकतो, आणि थबकणे योग्य आहे. ऊ मारणे हा दोष खराच. त्यासाठी प्रतिक्रमण आहे, प्रायश्चित्त आहे, गुरूंसमोर आलोचना आहे. त्यासाठी एका कुटुंबाला रस्त्यावर आणणे ही अहिंसा म्हणावी काय? त्या धनिकाची बायकामुले यूकाविहारात कधी दर्शनाला गेली असतील काय, याविषयी प्रबंधकार मौन पाळतात. पहिल्या आज्ञेने राजाने आपला हात विधवेच्या घरातून काढून घेतला आणि दुसऱ्या आज्ञेने तोच हात दुसऱ्याच्या घरात घातला. समाजाने गौरव करताना या दोन आज्ञांमध्ये फरक करायला हवा.

कथेचा उत्तरार्धही तितकाच बोलका आहे. कुमारपाळानंतर अजयपाळ गादीवर आला. जैन प्रबंधांच्या सांगण्याप्रमाणे त्याने पूर्वीच्या राजाने उभारलेली मंदिरे पाडण्यास प्रारंभ केला आणि हेमचंद्रांचे शिष्य रामचंद्र यांचा छळ करून अंत केला. राजाज्ञेने आलेले राजाज्ञेनेच गेले, त्याला एक पिढीसुद्धा लागली नाही. याउलट ज्या घरांनी व्रत म्हणून मांसाहार सोडला, त्यांच्या घरात तो आठशे वर्षांनंतरही परतलेला नाही.

या पार्श्वभूमीवर पर्युषणातील कत्तलखानाबंदीचा विचार व्हावा. अहमदाबाद महापालिकेने पर्युषणाचे नऊ दिवस कत्तलखाने बंद ठेवण्याचा घेतलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली वैध ठरवला. बंदीचा अल्प कालावधी हा त्या निकालातला महत्त्वाचा आधार होता. थोड्या दिवसांसाठी इतरांनी काही सोसावे, ही परस्पर आदराची अपेक्षा न्यायालयाने अवास्तव मानली नाही. परंतु २०१५ साली मुंबई आणि परिसरात हाच प्रश्न पेटला, तेव्हा चित्र निराळे होते. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबरच्या मांसविक्रीबंदीला स्थगिती दिली, सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही आणि त्या आठवड्यात वृत्तपत्रांतून जैन समाजाविषयी जे लिहिले-बोलले गेले, ते अनेकांना अद्याप आठवत असेल. क्षमेचे पर्व आणि रस्त्यावर वैमनस्य! निवेदन देण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. मात्र ते देण्यापूर्वी एक साधी कसोटी लावून पाहावी. बहुसंख्य लोकांनी त्यांच्या श्रद्धेसाठी हाच अधिकार जैनांच्या एखाद्या आचारावर वापरला, तर तो मान्य होईल काय? राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ च्या ऑगस्टमध्ये संथाऱ्याला आत्महत्येच्या पंक्तीत बसवले, तेव्हा अवघा समाज रस्त्यावर उतरला. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला त्याच महिन्यात स्थगिती दिली म्हणून निःश्वास सोडला गेला. अवघ्या दोन महिन्यांत ‘सरकारने यात पडू नये’ आणि ‘सरकारने यात पडावे’ अशा दोन्ही मागण्या याच समाजाकडून झाल्या.

मग सगळेच व्रतावर सोपवावे आणि सरकारने हात बांधून बसावे काय? तसेही नाही. याचे उत्तर महाराष्ट्राने एकोणिसाव्या शतकात मोठी किंमत देऊन शिकले आहे. संमतिवयाच्या विधेयकाचा वाद सर्वश्रुत आहे. कलकत्त्यात फुलमणी नावाची जेमतेम दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या बळजबरीने मरण पावली आणि तत्कालीन कायद्यातील मर्यादा दहा वर्षांची असल्यामुळे बलात्काराचा गुन्हा त्याच्यावर लागू होऊ शकला नाही. ही मर्यादा बारा वर्षांवर नेण्याचे विधेयक आले. लोकमान्य टिळकांचा विरोध बालविवाहाच्या समर्थनासाठी नव्हता. परकीय सरकारने कायद्याने समाज सुधारू नये, समाजाने स्वतः सुधारावे, अशी त्यांची भूमिका होती. इतकेच नव्हे तर १८९० साली त्यांनी सुधारकांपुढे प्रतिज्ञापत्रच ठेवले. सोळा वर्षांच्या आत मुलीचे लग्न करणार नाही, अशासारख्या गोष्टींना ज्यांनी त्यांनी स्वतः बांधून घ्यावे. जैन परिभाषेत बोलायचे तर टिळक व्रत मागत होते. आगरकरांनी ‘सुधारका’तून कायद्याचा पक्ष घेतला. ज्याला प्रतिज्ञा करायची नाही, त्याच्या घरातल्या मुलीने कोणाकडे पाहायचे, हा त्या पक्षाचा बिनतोड प्रश्न होता. १९ मार्च १८९१ रोजी कायदा संमत झाला.

टिळकांच्या युक्तिवादात परकीय सत्तेविषयीची जी सावधता होती, ती आजही पूर्णतः टाकाऊ नाही. परंतु या विशिष्ट प्रश्नात आगरकर बरोबर होते, हे मान्य करावेच लागते. व्रत घेणारा स्वतःच्या इंद्रियांवर बंधन घालतो. ज्याच्या न घेतलेल्या व्रताची किंमत दुसऱ्याच्या देहाला मोजावी लागते, तेथे वाट पाहणे हा सहिष्णुपणा ठरत नाही. आदिपुराणातला लहान मासा येथे दहा वर्षांच्या मुलीच्या रूपाने उभा आहे.

सरकारखेरीज समाजाचीही एक सत्ता असते आणि तीही चुकते. हे सांगण्यासाठी दूर जायला नको. कुंभोजच्या मातीत १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांची विद्यार्थिदशेतील हकिगत त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय जैन बोर्डिंगच्या पंगतीत बसता येणार नाही असे सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सुटले. पुढे १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहू, राबू आणि जेवू लागली. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. सरकारने १९४८ साली संस्थेचे अनुदान थांबवले, तेव्हा लोकांच्या वर्गणीवर शाळा तग धरून राहिल्या. अनुदान भाऊरावांनी नाकारले नव्हते. शाळा काढणे हे सरकारचेही काम आहे, असे मानूनच त्यांनी ते घेतले. परंतु ते बंद पडल्यावर संस्था बंद पडावी, इतके ते त्यावर विसंबलेही नव्हते. सरकार आणि समाज यांच्या नात्याचा याहून चांगला नमुना महाराष्ट्रात शोधून सापडणे कठीण आहे.

महात्मा गांधींचा विचार येथे ओझरता घेतला तरी पुरे. १९३४ साली निर्मलकुमार बसू यांच्याशी बोलताना त्यांनी राज्य हे संघटित हिंसेचे रूप आहे, असे प्रतिपादन केले आणि धनिकांनी स्वतःला संपत्तीचे विश्वस्त मानावे, असे सुचवले. मात्र धनिक विश्वस्तासारखे वागलेच नाहीत, तर राज्याला कमीत कमी बळ वापरून हस्तक्षेप करावा लागेल, हेही त्यांनी नाकारले नाही. ‘विश्वस्त’ हा शब्द सभागृहातील अनेकांच्या नावापुढे छापला जातो, म्हणून त्याचा अर्थ सरकारी नियमांच्या संदर्भात तपासणे अगत्याचे आहे.

पूर्वी मंदिराची शिल्लक गावातील प्रतिष्ठित पेढीवर ठेवण्याची पद्धत होती. शेठजींचा शब्द हाच दस्तऐवज. पेढी तरली तर रक्कम तरली. बुडाली तर देवद्रव्यही बुडाले आणि विचारायचे कोणाला हे कळेनासे झाले. १९५० साली मुंबई राज्याने सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम केला आणि पुढे त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आले. नोंदणी सक्तीची झाली, दरवर्षी हिशेब तपासून घेणे आले, विश्वस्त बदलला की बदल अर्ज आला, धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय जागा विकता येईनाशी झाली. अनेकांना हे धर्मावरील आक्रमण वाटले. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी यांनी कायद्याला आव्हान दिले. पारशी पंचायतीचे विश्वस्तही न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ च्या मार्चमध्ये लागला. तो प्रत्येक विश्वस्ताने एकदा मुळातून वाचावा असा आहे.

न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी लिहिलेल्या या निकालाने दोन्ही बाजूंना काही दिले आणि दोन्हींकडून काही काढून घेतले. हिशेब, तपासणी, नोंदणी आणि या कामासाठी घेतली जाणारी वर्गणी या गोष्टी न्यायालयाने वैध ठरवल्या. धार्मिक मालमत्तेचे प्रशासन कायद्याने नियंत्रित करता येते, मात्र ते संस्थेच्या हातातून काढून दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही. धर्मादाय आयुक्तांनाच मंदिराचा वा मठाचा विश्वस्त नेमण्याची तरतूद म्हणून टिकली नाही. मूळ हेतू पार पाडणे शक्य असताना, केवळ अधिक उपयुक्त वाटते म्हणून न्यायालयाने वा आयुक्तांनी तो पैसा अन्य कामाकडे वळवणे, हाही धर्मस्वातंत्र्याचा भंग ठरला. जैन वा पारशी धर्माने एखादा विधी विशिष्ट रीतीने सांगितला असेल, तर त्यात पैसा खर्च होतो एवढ्यावरून त्याला ऐहिक व्यवहार म्हणता येणार नाही, असेही निकालात स्पष्ट झाले. देवद्रव्य अन्य कामी वापरणे हा दोष, ही श्रावकाची धारणा अशा रीतीने घटनेच्या संरक्षणाखाली आली.

एका हाताने तपासावे, दुसऱ्या हाताने काढून घेऊ नये, ही ती रेषा. परभणीच्या ताम्रपटातही मूलतः हेच होते. गाव कशासाठी दिले हे लिहिलेले होते आणि पूजा कशी करावी हे राजाने लिहिलेले नव्हते.

पण या निकालाची दुसरी बाजू समाजात क्वचितच बोलली जाते. दात्याचा हेतू मोडण्याचा अधिकार सरकारला नाही हे ठरले. तो विश्वस्तांनाही नाही, हे त्यातच आले. औषधोपचारासाठी आलेली देणगी संगमरवरी प्रवेशद्वाराला लागली, शिष्यवृत्तीच्या निधीचे व्याज महोत्सवाच्या मंडपात गेले, सभासदत्वाचे अर्ज वर्षानुवर्षे टेबलाच्या खणात राहिले आणि निवडणूक ‘एकमताने’ उरकली, अशा वेळी धर्मादाय कार्यालयात अर्ज करणारा कोणी परका नसतो. समाजातलाच एक दुखावलेला सभासद असतो. तारखांवर तारखा पडतात, वकिलांची देयके मंदिराच्या खात्यातून जातात आणि मग ‘सरकार फार ढवळाढवळ करते’ अशी तक्रार ऐकू येते. कुलकरांच्या काळी ‘हा’ पुरत होता. समाजाच्या सभेत ज्येष्ठांनी उच्चारलेला तो एक उद्गार आज कोणी ऐकेल काय, आणि ज्येष्ठ तो उच्चारतील काय, यावर बरेच अवलंबून आहे.

पन्नास वर्षांचे हिशेब सांभाळणाऱ्या संस्थेसमोर हे बोलताना एक छोटी सूचना करावीशी वाटते. लेखापरीक्षित हिशेबाची प्रत दरवर्षी धर्मादाय कार्यालयात जाते आणि तेथे ती फाईलमध्ये बसते. ती मंदिराच्या सूचनाफलकावर लावण्यास कोणत्याही कायद्याची मनाई नाही; कोणत्या दात्याची रक्कम कशासाठी आली आणि कशावर खर्च झाली हे सभेत वाचून दाखवण्यासही नाही. पर्युषणानंतरच्या क्षमावाणीच्या दिवशी एरवी न येणारी माणसेही मंदिरात येतात. त्या सभेत अर्धा तास यासाठी राखून ठेवावा आणि ज्याला प्रश्न विचारायचा असेल त्याला बसल्या जागेवरून विचारू द्यावा.

जय जिनेंद्र.